घरात कुत्र्याचा वास येतोय? कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरगाचा पहिला पाऊस पडला की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात. "दार उघडलं की वास मारतोय बघा, काय करू?" आमच्याकडे मोत्या अकरा वर्षं आहे. घर शिवाजी पेठेतलं जुनं, पुढे सोपा म्हणजे ओसरी, मागे परडं, खाली शहाबादी फरशी. या अकरा वर्षांत मी काय काय करून पाहिलं, त्यातलं काय फसलं आणि काय टिकलं, ते प्रश्नांच्या रूपात इथे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. वास झाकायचा नाही. तो नेमका कुठून येतो ते शोधायचं, ती जागा धुवायची आणि खडखडीत वाळवायची.

आमच्या घराला वास येतो की नाही, हे आम्हालाच कसं कळणार?

घरच्यांना कळत नाही हे खरं आहे. एकच वास सतत नाकात गेला की काही वेळानं नाक त्याची दखल घ्यायचं सोडून देतं. म्हणून दोन दिवस गावाला जाऊन आलात की कुलूप उघडल्यावरचा पहिला श्वास लक्षात ठेवा, तेच तुमच्या घराचं खरं उत्तर. नाहीतर तोंडावर खरं बोलणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला विचारा.

वास आहे असं कळलं की सकाळी खिडक्या उघडायच्या आधी गुडघ्यांवर बसा आणि एकेक वस्तू हुंगत जा. त्याचं अंथरूण, सोफ्याची खालची कड, पायपुसणं, दाराची चौकट गुडघ्याच्या उंचीवर, पडद्याचं खालचं टोक, गळ्याचा पट्टा. "सगळ्या घरालाच वास येतोय" असं वाटत असतं, पण बहुतेक वेळा तो दोन-तीन जागांवरून येत असतो. त्या सापडल्या की निम्मं काम झालं.

आम्ही दर आठवड्याला साबणानं आंघोळ घालतो, तरी वास जात नाही. असं का?

फार आंघोळ हेही एक कारण असू शकतं. कुत्र्याच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यानं केस मऊ राहतात आणि पाणी आतपर्यंत जात नाही. या तेलावर जिवाणू आणि यीस्ट जातीची बुरशी जगतात, आणि त्यातून निघणाऱ्या वासालाच आपण कुत्र्याचा वास म्हणतो. थोडा वास असणारच, तो त्याच्या अंगाचा भाग आहे. पण साबणानं तेल सारखं काढत राहिलात तर कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खाजवून खाजवून जखम होते आणि मग येणारा वास आधीपेक्षा वाईट असतो.

कातडीचा आजार नसेल तर चार ते सहा आठवड्यांनी एकदा आंघोळ पुरे. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच घ्या. आपल्या कातडीचा आम्लपणा वेगळा आणि त्याच्या कातडीचा वेगळा, त्यामुळे आपला शाम्पू त्याला मानवत नाही. मधल्या दिवसांत रोज दहा मिनिटं परड्यात किंवा गच्चीवर ब्रश करा. गळालेले केस आणि धूळ बाहेरच्या बाहेर गेली की घरातल्या कापडांना लागणारा वास बराच कमी होतो. आंघोळीपेक्षा माझा भरवसा या ब्रशवर जास्त आहे.

पावसात भिजून आला की एवढा वास का सुटतो? आणि इथं तर जून ते सप्टेंबर पाऊसच असतो.

कोरड्या केसांत अडकून बसलेले वासाचे पदार्थ पाण्यामुळे सुटे होतात आणि दमट हवेबरोबर खोलीभर पसरतात. केस वाळले की वास पुन्हा कमी होतो. म्हणजे पावसाळ्यातला प्रश्न वाळवण्याचा आहे, धुण्याचा नाही. गगनबावड्याकडून झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून वाळवायची सवय घरातच लावून घ्यावी लागते.

आमची पद्धत अशी. सोप्याच्या दाराशी एक बादली आणि दोन जुने टॉवेल कायम असतात. बाहेरून आला की आधी चारी पाय साध्या कोमट पाण्यात, बोटांच्या बेचक्यांतला चिखल अंगठ्यानं काढायचा. मग पहिल्या टॉवेलनं केसांच्या उलट दिशेनं पुसायचं, दुसऱ्यानं सरळ. पाठ सगळेच पुसतात. राहून जातात त्या काखा, जांघा, पोट, कानाच्या मागचा भाग आणि पट्ट्याखालची मान. त्यानंतर अर्धा तास पंख्याखाली. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर कमी गरम हवेवर, हातभर अंतरावरून, आणि अधूनमधून स्वतःच्या हातावर घेऊन बघत.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांना वरच्या केसांखाली लोकरीसारखा दुसरा थर असतो. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, पण बोटं आत घातली की ओल कळते, आणि कुबट वास तिथूनच येतो. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ या बाबतीत सुखाचे, आखूड केस असल्यानं दोन हात पुसलं की वाळतात.

पट्ट्याचं वेगळं सांगते, कारण तो कुणाच्याच लक्षात येत नाही. नायलॉनचा पट्टा पाणी आणि तेल दोन्ही धरून ठेवतो. मी मोत्याचा पट्टा पहिल्यांदा काढून हुंगला तेव्हा मला मान वळवावी लागली होती. तेव्हापासून त्याला दोन पट्टे आहेत, एक गळ्यात आणि एक धुऊन दोरीवर. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात नकोच.

शहाबादी फरशीवर एकाच कोपऱ्यात मुततो. रोज पुसतो, तरी वास परत येतो.

हा मी स्वतः भोगलेला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मोत्या दोन वर्षांचा होता. सोप्यात, दाराच्या डाव्या कोपऱ्यात तो पाय वर करायचा. मी रोज फिनाइलनं पुसत होते. सकाळी वास नसायचा, दुपारी दार लावून पडलं की यायचा. महिना गेला. शेवटी एका रात्री सगळे दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारली. त्या उजेडात सुकलेली लघवी पिवळट-हिरवी चमकते. फरशीचा वरचा भाग अगदी साफ होता. चमकत होती ती दोन फरश्यांमधली सांध, चांगली वीतभर, आणि तिच्यापासून चौकटीच्या लाकडावर गुडघ्याएवढा वर गेलेला ओघळ. महिनाभर मी फरशी पुसत होते आणि लघवी सांधेत मुरत होती.

लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, नाकात झोंबणारा वास तो. सिमेंटची सांध आणि पॉलिश उडालेली शहाबादी पाणी पितात. हवा दमट झाली की आत मुरलेलं पुन्हा ओलं होतं आणि वास परत येतो. पावसाळ्यात जुना वास "कुठून तरी" उगवतो तो याच कारणानं.

मग मी असं केलं. आधी जागेवर साधं पाणी ओतलं आणि जुन्या कापडानं दाबून टिपून घेतलं. पोतेऱ्यानं पुसलं तर लघवी पुढच्या सांधेत पसरते, म्हणून टिपायचंच. मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइम क्लीनर, म्हणजे लघवीतले वासाचे पदार्थ मोडून काढणारं द्रव, सांधेत भरपूर ओतलं, वर ओलं फडकं आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद घालून रात्रभर ठेवलं. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं, फवारून लगेच पुसलं तर पैसे वाया. दुसऱ्या दिवशी पंख्याखाली कोरडं होऊ दिलं. असं तीनदा केल्यावर वास गेला. नंतर सांधेतला भुसभुशीत माल खरवडून गवंड्याकडून नव्यानं भरून घेतली, आणि चौकटीला पॉलिश पेपर मारून रंग दिला. त्यानंतर मोत्या त्या कोपऱ्यात गेला नाही. आपल्याच लघवीचा वास हा कुत्र्याला पुन्हा तिथेच करण्याचा निरोप असतो, तो निरोपच पुसला गेला.

एन्झाइम क्लीनर मिळालं नाही तर पाकिटावर एन्झाइम लिहिलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून वापरा आणि नंतर जागा स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या. पाणी उकळतं नको, फार गरम पाण्यात एन्झाइम मरतं. हातात रबरी मोजे घालाच. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, तो आजार उंदरांच्या आणि कुत्र्यांच्याही लघवीतून माणसाला होतो. कुत्र्याला त्याची लस मिळते, डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या.

व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काय चालेल?

खाली फरशी कोणती आहे त्यावर ठरतं. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. त्यांच्यावर आंबट काहीही पडलं की दगड झिजतो. टॉयलेट क्लीनर ओतल्यावर फरशी फसफसते, तेव्हा ती स्वच्छ होत नसते, विरघळत असते. वरची चकाकी जाते, बारीक खड्डे पडतात आणि पुढची लघवी आधीपेक्षा लवकर मुरते. चिंच आणि लिंबूही तिथे नको.

व्हिट्रिफाइड टाइल्स असतील किंवा कापड धुवायचं असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन वापरायला हरकत नाही.

फिनाइलनं तर सगळे पुसतात. त्यात काय वाईट?

कुत्रं अनवाणी फिरतं आणि मग पाय चाटतं, हे एवढं लक्षात घ्या. काळ्या फिनाइलमधले पदार्थ त्याच्या पोटात गेले की त्रास होतो, कातडीलाही झोंबतात. शिवाय फिनाइल मारलेल्या जागी एन्झाइम क्लीनर नीट चालत नाही. पुसायचंच असेल तर थोडं, भरपूर पाण्यात, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं दुसऱ्या खोलीत ठेवा.

ब्लीचबद्दल मात्र कडक सांगते. लघवीवर ब्लीच टाकू नका, दोन्हींच्या मिश्रणातून डोळ्यांना आणि छातीला झोंबणारा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीत हे जिवावर बेतू शकतं.

डांबर गोळ्या आणि कापराच्या वड्याही कुत्र्याच्या तोंडाच्या पल्ल्यात ठेवू नका. दोन्ही त्याला विष आहेत, छोट्या कुत्र्याला एक डांबर गोळीसुद्धा महागात पडते.

सोफा, गादी, वाकळ, घोंगडं यांचं काय करायचं?

जे धुता येतं ते आठवड्यातून एकदा धुवा. त्याच्या अंथरुणाला काढता येणारी खोळ शिवून घ्या, जुन्या चादरीची चालेल. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि वास आतच अडकतो.

सोफ्यावर खाण्याचा सोडा भुरभुरा, अर्धा तास ठेवा, व्हॅक्यूमनं ओढून घ्या. दुकानात मागताना "खाण्याचा" हे नीट सांगा. धुण्याचा सोडा वेगळा, तो कातडी भाजतो. खाण्याचा सोडाही भरपूर चाटला तर कुत्र्याला बाधतो, म्हणून तेवढा वेळ त्याला बाहेर ठेवा.

लघवी गादीच्या कापसापर्यंत गेली असेल तर वरून काही करून उपयोग नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको, ओल्या कापसातला वास वरून सुकवून जात नाही. गादी उसवून कापूस पिंजून घ्या, कापूस खराब झाला असेल तर टाकून द्या.

वाकळ जाड असते, पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेली वाकळ कुत्र्याखाली घातली की ती घरातली सगळ्यात वास मारणारी वस्तू होते. जून ते सप्टेंबर पातळ चादरी घाला, वाकळ दिवाळीनंतर काढा. घोंगड्याला लोकरीचा स्वतःचा वास असतोच, तो ओला झाला की दोन्ही वास एक होतात. घोंगडं झटकून कडक उन्हात टाकणं हाच त्याचा उपाय, भिजवू नका.

आमचं गावाकडचं घर सारवलेलं आहे. तिथं काय?

लघवी झाली ती जागा चार बोटं खोल उकरा, माती बाहेर टाका, खड्डा दोन दिवस उघडा वाळू द्या, मग नवी माती ठोकून सारवा. वरच्यावर सारवत राहिलात तर वास आत दबून राहतो.

घर लख्ख आहे, पण कुत्र्याच्याच अंगाला वास येतो. हा आजार असू शकतो का?

हो. आणि हा प्रश्न लवकर विचारला तर कुत्र्याचे हाल वाचतात. नाकानं बरंच ओळखता येतं.

मासळीसारखा उग्र वास अचानक आला, आणि कुत्रं बूड फरशीवर घासत चाललं, तर शेपटीखालच्या दोन गुदग्रंथी भरल्या असतील. त्या डॉक्टरांकडून रिकाम्या करून घ्याव्यात, घरी दाबू नयेत.

आंबोळीच्या जुन्या पिठासारखा आंबूस वास येत असेल आणि तो डोकं झटकत असेल तर कान उलटून बघा. आत तपकिरी मळ, लाली किंवा सूज दिसली तर बुरशी किंवा जिवाणू वाढलेत. कानात तेल घालू नका. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत पावसाळ्यात हे फार होतं. आमच्या शेजारच्या घरी दोन महिने सोफा धुणं चालू होतं, आणि वास कॉकर स्पॅनियलच्या उजव्या कानातून येत होता. औषधानं कान बरा झाला आणि घराचा वासही गेला.

तोंडाला घाण वास येत असेल तर दातांवर पिवळं-तपकिरी कीट चढलेलं असतं. कुत्र्यांची टूथपेस्ट वेगळी मिळते, आपली वापरू नका. तोंडाला अमोनियासारखा वास असेल तर मूत्रपिंड, आणि गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा असेल तर मधुमेह तपासायला हवा. यात थांबू नका, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

कातडी काळवंडून जाड झाली, तेलकट झाली, केस गेले आणि तो सतत पाय चाटत असेल तर कातडीवरची यीस्ट वाढली आहे. त्याला औषधी शाम्पू लागतो, आणि तो डॉक्टरच सांगतील.

पोटातला वायू सारखा सोडतो, खोलीत बसवत नाही.

काय खायला घालता ते बघा. आपल्याकडे प्रेमानं उरलेला तांबडा रस्सा भाकरीवर ओतला जातो. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तेल आणि मसाला पोट बिघडवतात, शिजलेलं हाड टोकदार फुटून आतड्याला लागतं. दुधाचंही तसंच, मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. मटण द्यायचंच असेल तर मीठ-मसाल्याआधी, नुसत्या पाण्यात शिजवलेलं, हाडं काढून. खाणं बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू बदला.

तासाभरात पाहुणे येणार आहेत!

त्याची चादर बदला, सगळ्या खिडक्या आणि मागचं दार उघडून वारा आरपार जाऊ द्या, कोरडा ब्रश करून त्याला ओलसर फडक्यानं पुसून घ्या. पंख्याची पाती पुसा. पात्यांवर केस आणि तेलकट धूळ साचलेली असते आणि पंखा लावला की तिचा वास पाहुण्यांच्या डोक्यावर पडतो.

ऊद, धूप, रूम फ्रेशनर, एअर प्युरिफायर?

संध्याकाळी देवापुढे ऊद घाला, पण वासावर उपाय म्हणून घालू नका. धुरानं वास थोडा वेळ दबतो, आणि आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण नाक असलेल्या प्राण्याला तो धूर कोंडलेल्या खोलीत सोसावा लागतो. टी ट्री सारखी सुगंधी तेलं तर त्याच्या अंगावर कधीच लावू नका, ती विषारी आहेत. प्युरिफायर घ्यायचा असेल तर त्यात कार्बनचा फिल्टर आहे का बघा. हेपा फिल्टर केस आणि कोंडा पकडतो, वास पकडायला कार्बन लागतो.

रंकाळ्याकडे फिरायला नेलं तर मेलेल्या माशावर लोळून आला. शाम्पूनं वास जात नाही.

एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, एक चमचा भांड्यांचं लिक्विड. मोजे घालून ऐनवेळी कालवा, डोळे आणि तोंड सोडून अंगाला लावा, पाच मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. काळे केस थोडे फिके पडू शकतात. उरलेलं ओतून द्या, बाटलीत भरून झाकण लावलंत तर वायू साठून बाटली फुटते.

कुत्रं म्हातारं झालंय, झोपेत लघवी होते. आता काय?

आमचा मोत्या आता याच वयात आहे. आधी डॉक्टरांकडून मूत्रपिंड, साखर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग तपासून घ्या, यातलं बरंच औषधानं आटोक्यात येतं. लघवी होते म्हणून पाणी कमी करू नका, त्यानं तब्येत आणखी ढासळते. रात्री अकराला आणि पहाटे पाचला बाहेर न्या. मागचे केस कात्रीनं आखूड ठेवा, ओलं झालं की कोमट पाण्यानं पुसून लगेच कोरडं करा, नाहीतर लघवीनं कातडी पोळते आणि तिथे वेगळाच वास धरतो.

अंथरुणाखाली तान्ह्या बाळाला घालतात तसलं रबरी शीट, वर जाड सुती चादर. आणि रागावू नका. त्याला वेळेत उठता येत नाही, आणि ओल्यात पडून राहणं त्यालाही नकोच असतं. मोत्या भिजला की मान वर करून माझ्याकडे बघतो, मी दिवा लावते, चादर काढते, दुसरी घालते. एरवी दोन चादरी पुरतात, एक अंगाखाली आणि एक दोरीवर. पावसाळ्यात तीन ठेवा.